स्क्राइबस १.६ : कॉलेजच्या चार पानी अंकाला पुरतं का?

पुरतं. पण दोन अटींवर. मजकूर पहिल्या अक्षरापासून युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल आणि वेबसाइटवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, टाइप झालेला हवा, आणि पानाचा आकार छापखान्याला विचारून ठरलेला हवा. यातली एकही अट मोडली तर स्क्राइबसच काय, कुठलंही महागडं सॉफ्टवेअर अंक वाचवू शकत नाही. दोन्ही पाळल्या तर पानं लावायच्या या फुकट सॉफ्टवेअरमधून सांगलीच्या कुठल्याही ऑफसेटवाल्याला देता येईल अशी पीडीएफ निघते.

हे परीक्षण व्यावसायिक डिझायनरसाठी नाही. व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकावरून छापील अंकाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटासाठी आहे. त्यातही कम्युनिटी कॉलेजच्या वर्गांसाठी, जिथे सर्टिफिकेट सहा महिन्यांचं आणि डिप्लोमा वर्षाचा असतो. तीन वर्षांच्या पदवीला निदान एक जुना हात मागे राहतो. इथे जून उजाडला की अख्खं संपादक मंडळ नवं. म्हणून सॉफ्टवेअर किती करामती करतं यापेक्षा, शिकायला किती दिवस जातात आणि गेल्या बॅचची फाइल नव्या बॅचला उघडते का, हे प्रश्न मोठे. लॅबमधल्या वीस मशीनवर परवान्याच्या खर्चाशिवाय चालतं, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि विद्यार्थी घरी जाऊन स्वतःच्या लॅपटॉपवरही टाकू शकतो, हे तीन गुण इथेच मोजून टाकू.

आवृत्तीबद्दल मात्र काटेकोर राहा. स्क्राइबस २००१ पासून आहे, तरी मराठीसाठी त्याचा उपयोग बराच काळ शून्य होता. १.४ मालिकेत देवनागरीची जुळणीच होत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, रफार भलतीकडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. २०१७ च्या १.५.३ पासून अक्षरजुळणीचं इंजिन बदललं, हार्फबझ आलं आणि देवनागरी नीट दिसू लागली. तेच काम स्थिर स्वरूपात २०२४ च्या जानेवारीत १.६ म्हणून बाहेर पडलं. जुन्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर यादीत अजूनही १.४ सापडतं, तिथून घेतलं आणि ‘स्क्राइबसला मराठी येत नाही’ असा निष्कर्ष काढला, असं सहज होतं. ‘हेल्प’मध्ये जाऊन आकडा बघा. १.७ ही विकासाधीन मालिका आहे, चालू अंकासाठी तिला हात लावू नका. आणि सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती ठेवा, कारण १.६ मध्ये सेव्ह केलेली एसएलए फाइल १.४ मध्ये उघडत नाही. विंडोजवर घोस्टस्क्रिप्ट नावाचं मदतनीस सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. त्याशिवाय आउटपुट प्रिव्ह्यू, म्हणजे छपाईत पान कसं येईल ते दाखवणारी खिडकी, चालत नाही, आणि पुढे सांगितलेली अर्धी तपासणी त्या प्रिव्ह्यूवर आहे.

समोरचा पर्याय कुठला, तर जुनं पेजमेकर आणि जुने बिगर-युनिकोड फॉन्ट. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही. जिल्ह्यातल्या डीटीपीवाल्यांचा हात त्यावर इतका बसलेला असतो की पान तासात तयार करून देतात, हे खरंच. पण विद्यार्थ्यांनी मोबाईलवर टाइप केलेली बातमी तिथे एक तर पुन्हा टाइप करावी लागते, नाही तर कन्व्हर्टरमधून काढावी लागते. कन्व्हर्टर बहुतेक ओळी बरोबर काढतो आणि नेमका रफारात, अर्ध्या अक्षरांत, ‘ऱ्या’मध्ये आणि आकड्यांत घोळ करून ठेवतो. असा मजकूर तपासणं हे नव्याने टाइप करण्याइतकंच कष्टाचं, कारण चुका विखुरलेल्या असतात. शिवाय तोच मजकूर नंतर कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायचा म्हटलं तर उलटा प्रवास. म्हणून पहिली अट.

फॉन्ट : इथे एक तास घालवा

युनिकोड फॉन्ट म्हणजे आपोआप मराठी फॉन्ट नव्हे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. पुष्कळ फॉन्टांत मूळ वळण हिंदी असतं आणि मराठी वळण ओपनटाइपच्या भाषा-सुविधेमागे दडलेलं असतं. परिच्छेदाची भाषा मराठी नसेल तर ते बाहेरच येत नाही. यावर सोपा उतारा म्हणजे मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घेणं. मजकुरासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ हा गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्याच कुटुंबातले हिंदी आणि संस्कृत हे वेगळे फॉन्ट आहेत, नाव पूर्ण वाचून उतरवा. त्यात फक्त सरळ आणि तिरपं अशी दोनच रूपं आहेत, ठळक नाही. मथळ्यांसाठी ‘मुक्ता’ घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा हा फॉन्ट सात वजनांत येतो, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत. मजकूर टिरो, मथळे मुक्ता बोल्ड, फोटोओळी मुक्ता मीडियम, एवढ्यावर चार पानं भागतात. आणखी एखादा फॉन्ट सुचवणाऱ्याला फोटो आणायला पाठवा.

वर्डची सवय असलेल्यांना इथे पहिला धक्का बसतो: स्क्राइबसमध्ये ‘बोल्ड’चं बटणच नाही. फॉन्टमध्ये ठळक रूप असेल तर ते निवडायचं, नसेल तर नाही. आमच्या मते हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत चांगला गुण आहे. वर्ड ठळक रूप नसलेल्या फॉन्टलाही रेषा जाड करून खोटं बोल्ड देतं. पडद्यावर ते खपतं, कागदावर ‘ध’ आणि ‘घ’ची पोटं शाईने भरतात.

गुगलवरून फॉन्ट उतरवताना काही कुटुंबांच्या फोल्डरमध्ये एकच ‘व्हेरिएबल’ फाइल आणि शेजारी ‘स्टॅटिक’ नावाचा फोल्डर मिळतो. स्क्राइबससाठी स्टॅटिकमधल्या सुट्या फाइल घ्या. व्हेरिएबल फाइल टाकली तर वजनं यादीत नीट येत नाहीत.

फॉन्ट पक्का करण्याआधी एक ओळ छापून बघा: कऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, वाङ्मय, उद्घाटन, हृदय, राष्ट्रीय, शृंगार, दृष्टी, ॲडमिशन, ऑक्टोबर, रु, रू, कर्तृत्व. शेजारच्या गावाचं नावच ज्या फॉन्टमध्ये धड उमटत नाही तो आपल्या कामाचा नाही. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा र टाइप करताना साधा र नाही, तर टिंबाचा ऱ आणि मग हलन्त लागतो, इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी. साधा र वापरला की ‘कर्हाड’ होतं आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याचा दिवस खराब. ‘ॲ’चंही तसंच. तो एकच अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. अंकभर ‘ॲप’ शोधून बदलायला गेलात की निम्मेच सापडतात. सगळ्यांनी एकच पद्धत वापरायची हे पहिल्या बैठकीत ठरवा.

पानाचा आकार

कॉलेजचे अंक सर्वांत जास्त इथे फसतात. विद्यार्थी ए३ आकाराचं पान लावून मोकळे होतात. चार पानांचं ए३ टॅब्लॉइड म्हणजे उलगडल्यावर ए२ ताव, ४२० × ५९४ मिलिमीटर. आणि छापखान्यात असतो डेमी ताव, १८ × २३ इंच, म्हणजे ४५७ × ५८४ मिलिमीटर. दहा मिलिमीटर तिथेच कमी पडले. शिवाय मशीनच्या ग्रिपरला कागद धरायला एका कडेला साधारण १० ते १२ मिलिमीटर कोरे लागतात. मग छापखानेवाला काय करतो? तयार पीडीएफ दाबून बसवतो. अकरा पॉइंटचा मजकूर साडेदहाचा होतो, समास विचित्र होतात, आणि दोष सॉफ्टवेअरला.

म्हणून पान ११ × १७ इंच घ्या. दोन पानं शेजारी ठेवली की २२ × १७, आणि डेमी तावात दोन्ही दिशांना मिळून एकेक इंच ग्रिपर आणि कटाईसाठी उरतो. छापखान्याचं मशीन लहान असेल तर वेगळा आकार निघेल. तो आधी विचारा, मग फाइल उघडा. विचारायच्या गोष्टी तीनच: तावाचा आकार, ग्रिपर कुठल्या कडेला, आणि पीडीएफ एकेक पान हवी की जोडपानं. स्क्राइबसला पानं तावावर मांडता येत नाहीत, ते काम छापखान्यातच होतं, म्हणून एकेक पानच द्या. चार पानांच्या अंकात ४ आणि १ एका बाजूला, २ आणि ३ दुसऱ्या. पाठकोरा कागद घडी घालून त्यावर आकडे टाकलेली डमी सोबत न्या. हसण्यावारी नेऊ नका, पान २ आणि ३ उलटे छापले जाण्यावर हाच स्वस्तातला विमा आहे.

आता आतलं गणित. चारही बाजूंना अर्धा इंच समास सोडला की रुंदी १० इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर उरते. पाच कॉलम केले तर कॉलमांमधल्या चार-चार मिलिमीटरच्या मोकळ्या पट्ट्या सोडून एकेक कॉलम ४७.६ मिलिमीटरचा. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘महाविद्यालयांमधल्या’सारखा शब्द अर्धी ओळ खातो, आणि दोन्हीकडून सरळ कडा मागितली की उरलेल्या तीन शब्दांत खिंडारं पडतात. चार कॉलम करा, प्रत्येकी ६०.५ मिलिमीटर. अकरा पॉइंटमध्ये ओळीला साधारण पाच शब्द बसतात. तरीही उजवी कडा मोकळी ठेवली तर उत्तम. वर्तमानपत्रासारखं दिसण्याची हौस असेल तर फक्त मुख्य बातमी दोन कॉलमी रुंदीत सरळ कडेने लावा.

ओळींमधलं अंतर १५ पॉइंट, स्थिर. ‘ऑटोमॅटिक’ ठेवू नका, कारण ते फॉन्टच्या मापावर चालतं आणि ओळीत एखादा इंग्रजी किंवा वेगळ्या फॉन्टचा शब्द आला की तेवढीच ओळ खाली सरकते. डॉक्युमेंट सेटअपमध्ये बेसलाइन ग्रिड १५ पॉइंटची करा आणि मजकुराच्या परिच्छेद-शैलीत ‘अलाइन टू बेसलाइन ग्रिड’ निवडा; चारही कॉलमांच्या ओळी एका पातळीत येतात. या हिशेबाने १० सेंटीमीटर उंचीच्या एका कॉलमात १८ ओळी, म्हणजे सुमारे ९० शब्द. हा आकडा बातमीदारांना पाठ करायला लावा. ‘दोन कॉलम, दहा सेंटीमीटर’ म्हणजे १८० शब्द, आणि ४०० शब्द लिहून ‘बसवा की जरा’ म्हणायचं नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवणं-घटवणं, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, देवनागरीत पूर्ण वर्ज्य. शिरोरेषा तुटते किंवा अक्षरं एकमेकांवर चढतात. परिच्छेद-शैलीत अक्षर ताणण्याची मर्यादाही १०० टक्क्यांवरच ठेवा. अधोरेखन उकार कापतं. मोठं पहिलं अक्षर, ते ड्रॉप कॅप, इंग्रजी मासिकांतून येतं आणि आपल्याकडे शिरोरेषेत अडकून पडतं. हे सगळं स्क्राइबसमध्ये आहे, असू दे.

मजकूर आत आणणं

बातम्या लिबरऑफिसमध्ये ओडीटी स्वरूपात गोळा करा. वर्डची डॉक्स फाइलही आत येते, पण तिथल्या शैली, रंग, मोकळ्या ओळी सगळं सोबत घेऊन येते. फाइल आणताना ‘फक्त मजकूर’चा पर्याय निवडा. शैली सोबत आणल्यात तर प्रत्येक बातमीदाराची ‘डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’ वेगळ्या नावाने यादीत जमा होते आणि दुसऱ्या अंकापर्यंत यादी पन्नासवर जाते.

शैली आपल्या आपण बनवा: मजकूर, मजकूर-पहिला परिच्छेद, मथळा-१, मथळा-२, बायलाइन (लेखकाचं नाव), फोटोओळ, चौकट. सात पुरतात. नावं मराठीत ठेवा. एफ४ दाबलं की शैलींची खिडकी उघडते. पानावर चौकट काढायला टी, चित्राची चौकट आय, एका चौकटीतला मजकूर दुसरीत वाहता करायला पहिली निवडून एन आणि मग दुसरीवर टिचकी. मजकूर सांडला की चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल खूण येते. ती दिसत असताना पान बंद करू नका. शेवटचे दोन परिच्छेद गायब असलेली बातमी छापून आल्यावर लेखक आयुष्यभर विसरत नाही.

लिहिलेलं बदलायचं असेल तर पानावर नाही, कंट्रोल-टी दाबून स्टोरी एडिटरमध्ये बदला. पानावर थेट टाइप करताना लांब मजकुरात कर्सर रेंगाळतो. ही स्क्राइबसची जुनी खोड आहे आणि १.६ मध्येही पूर्ण गेलेली नाही.

फोटो

थोडक्यात. दोन कॉलम, म्हणजे १२५ मिलिमीटर रुंदीचा फोटो वर्तमानपत्री कागदावर छापायला रुंदीत हजारेक पिक्सेल, मॅपलिथो या पांढऱ्या छपाईच्या कागदावर जवळपास दीड हजार. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाही तर तो पिळून येतो. स्क्राइबस फोटो फाइलमध्ये साठवत नाही, त्याचा पत्ता लक्षात ठेवतं. पेनड्राइव्हवरचा फोटो लावून पेनड्राइव्ह काढून नेला की चौकट रिकामी. अंकाच्या फोल्डरमध्ये ‘फोटो’ नावाचा उपफोल्डर करा आणि आधी तिथे टाका, मग पानावर आणा.

काळा रंग आणि हळदीचा रंग

पुस्तकात न मिळणारी बाब ही. स्क्राइबसच्या रंगयादीत ‘ब्लॅक’, ‘रिच ब्लॅक’, ‘वॉर्म ब्लॅक’, ‘कूल ब्लॅक’ आणि ‘रजिस्ट्रेशन’ असे पाच काळे असतात. पडद्यावर सारखेच दिसतात. मजकुराला फक्त पहिला. बाकीच्यांत निळी, लाल, पिवळी शाईही मिसळलेली असते, आणि रजिस्ट्रेशन म्हणजे तर चारही शाया शंभर टक्के. अकरा पॉइंटचं अक्षर चार प्लेटांवर (प्रत्येक शाईची एक) विभागलं गेलं आणि कागद केसभर हलला की प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या हवेत कागद ओल धरून फुगतो, तेव्हा हे हमखास होतं. वर्डमधून रंगासकट आणलेला मजकूर आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला, काळा असतो. तोही छापताना चार शायांत फुटतो. न वापरलेले रंग यादीतून काढून टाका, चुकून हात जायला नको.

प्लेटांचा हिशेब इथेच लागतो. चारही पानं काळी म्हणजे ताव दोन बाजूंचा, दोन प्लेटा. पहिल्या-चौथ्या पानाच्या बाजूला एक जादा रंग, तीन. ती बाजू पूर्ण रंगीत आणि आतली काळी, पाच. दोन्ही बाजू रंगीत, आठ. कॉलेजच्या अंकाला तीन प्लेटांचा पर्याय सर्वांत देखणा आणि परवडणारा.

सांगलीचा अंक म्हटल्यावर मास्टहेडला, म्हणजे पहिल्या पानावरच्या अंकाच्या नावाला, हळदीचा रंग द्यायची हौस कुणाला तरी येतेच. द्या, पण शुद्ध पिवळा नको. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं उन्हात वाचताच येत नाहीत. पिवळ्या १०० टक्क्यांत २५ ते ३० टक्के मॅजेंटा, म्हणजे लाल-गुलाबी, घातला की हळद येते. फक्त हा मिश्रणाचा रंग दोन प्लेटा खातो. म्हणून रंग तयार करताना तो ‘स्पॉट कलर’ म्हणून नोंदवा आणि छापखान्याला तेवढी शाई वेगळी कालवायला सांगा, एका प्लेटेत काम होतं. पीडीएफ काढताना ‘स्पॉट रंगांचं प्रोसेस रंगांत रूपांतर’ या चौकोनात खूण नाही याची खात्री करा. ती राहिली की केलेलं सगळं पाण्यात, रंग पुन्हा दोन प्लेटांत फुटतो. पिवळी पट्टी आणि तिच्यावर काळी अक्षरं, ही रचना नेमकी सुरक्षित.

पीडीएफ

आधी प्रीफ्लाइट व्हेरिफायर चालवा. तो सांडलेला मजकूर, हरवलेले फोटो, कमी पिक्सेलचे फोटो दाखवतो. पिक्सेलची किमान मर्यादा स्वतः इंचाला २०० करून ठेवा. त्यातल्या लाल खुणा दुर्लक्षून पुढे जाण्याची सोय सॉफ्टवेअर देतं, आणि रात्री साडेअकराला प्रत्येक जण ती वापरतो.

मग एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘कलर’ नावाचा भाग उघडा. तिथे पीडीएफ कशासाठी, या प्रश्नाचं आधीपासूनचं उत्तर ‘पडदा/वेब’ असतं. ते तसंच राहिलं तर सगळे रंग आरजीबी होऊन जातात. ‘प्रिंटर’ निवडा, अंक पूर्ण काळा असेल तर ‘ग्रेस्केल’. छापखान्यासाठीची पीडीएफ/एक्स-१ए हवी असेल तर आधी कलर मॅनेजमेंट चालू करावं लागतं, नाही तर तो पर्याय यादीत दिसतच नाही. आणि एक्स-१ए पारदर्शकता चालवून घेत नाही, तेव्हा फोटोला सावल्या आणि धुरकट पट्ट्या देण्याचा मोह आवरा. आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक शाई बंद-चालू करून बघता येते. काळी शाई बंद केली की मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. काही ओळी उरल्या तर त्या चुकीच्या काळ्यात आहेत. वर्तमानपत्री कागदावर चारही शायांची बेरीज २४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, पानं एकमेकांना डाग देतात.

शहरातले बरेच छापखाने अजून ‘कोरलची फाइल द्या’ म्हणतात. देऊ नका, पीडीएफच द्या. पण ती त्यांच्याकडे कोरलमध्ये उघडली जाणार असेल तर जोडाक्षरं फुटतात, कारण तिथे तो मजकूर नव्याने जुळवला जातो. त्यावर उपाय आहे: फॉन्टच्या भागात ‘आउटलाइन’ निवडून एक वेगळी प्रत काढा, अक्षरांच्या आकृती बनतात आणि कुणी काही मोडू शकत नाही. मूळ प्रतही सोबत द्या.

शेवटचा प्रूफ कागदावर. ११ × १७ चं पान ए३ प्रिंटरवर पूर्ण मापात मावत नाही, ९५ टक्क्यांवर काढा. तो दोघांनी वाचायचा, एकाने मोठ्याने. भडंगाची पुडी प्रूफापासून लांब ठेवा. तेलाच्या डागाखालचा अनुस्वार कुणालाही दिसत नाही.

काय खटकतं

अनडूवर भरवसा ठेवता येत नाही, विशेषतः मजकुरात काम करताना. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा आणि दर टप्प्याला वेगळ्या नावाने सेव्ह करा: अंक३-अ, अंक३-आ. मेनू पसरट आहेत, मजकुराचे गुणधर्म एका खिडकीत आणि चौकटीचे दुसऱ्या, लहान पडद्याच्या लॅपटॉपवर पान दिसायला जागाच उरत नाही. मराठीतून शिकण्याचं साहित्य नगण्य. पेजमेकरच्या जुन्या फाइली नीट उघडतील याची खात्री नाही. ॲडोबीच्या इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या आयडीएमएल फाइली उघडतात, पण डोळे झाकून नव्हे. दोघांना एकाच वेळी एका फाइलवर काम करता येत नाही, म्हणून चार पानांच्या चार फाइल करून वाटून घ्या. त्या शेवटी एकत्र करायचीही गरज नाही, छापखान्याला पानं सुटीच हवी असतात.

पहिल्यांदा उघडणाऱ्याला एक साधं पान लावायला दोन दुपारी लागतात. तिसऱ्या अंकापासून वेग येतो, आणि तोपर्यंत सर्टिफिकेटच्या बॅचचा निम्मा काळ सरलेला असतो. हा तोटा खरा आहे.

इनडिझाइन याहून सरस आहे, यात वाद नाही. त्यातली अक्षरजुळणीची सोय, कंपोझर, ‘वर्ल्ड-रेडी’ ठेवली की मराठीही देखणी जुळते. पण ते वर्गणीवर चालतं, आणि वर्गणी भरणारे प्राध्यापक बदलले की फाइल कुलूपबंद. कॅनव्हात पोस्टर झटकन होतं. एका चौकटीतून दुसरीत वाहणारा मजकूर तिथे नाही, त्यामुळे चार कॉलमी पान म्हणजे कात्री-डिंकाचा खेळ. मायक्रोसॉफ्ट पब्लिशर २०२६ च्या ऑक्टोबरनंतर बंद होणार असल्याचं कंपनीनेच सांगितलं आहे, तिकडे आता वळूच नये.

हजार प्रतींचा अंक असेल तर डेमीचे हजार ताव, म्हणजे दोन रीम, आणि मशीन जुळवताना वाया जाणारे ५० ते १०० ताव वेगळे धरा. ७० जीएसएम मॅपलिथोवर एक प्रत जेमतेम १७ ग्रॅमची, हजारांचा गठ्ठा १७ किलोच्या आत; दोघे जण दुचाकीवर आणू शकतात, पावसात मात्र प्लास्टिक बांधून.

अंक छापून आला की त्याच दिवशी फाइल मेनूतलं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ चालवा. फॉन्ट आणि रंग-प्रोफाइल सोबत घ्यायच्या खुणा करा. एसएलए फाइल, फोटो, फॉन्ट सगळं एका फोल्डरमध्ये गोळा होतं. त्यात छापलेल्या चारही पीडीएफ, छापखान्याने सांगितलेली मापं लिहिलेला एक कागद आणि १.६ ची इन्स्टॉलर फाइल टाका, आणि तो फोल्डर विभागाच्या ड्राइव्हवर ठेवा, एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यावर नाही. जूनमध्ये येणारी मुलं तो उघडतील, मास्टहेडवरची तारीख बदलतील आणि रिकाम्या चौकटींपासून सुरुवात करतील.